काकूंना कुणी काही विचारलंच नाही

डोंबिवली पूर्व
तुळशीचं लग्न उरकल्यावर, रात्री

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी गवार मोडता मोडता ऐकला. मध्येच तू शिंकलीस, मध्येच कुणाला तरी इंग्रजीत झापलंस आणि शेवटी मूळ प्रश्न विचारायचाच विसरलीस. ही तुझी जुनीच सवय. बेडेकर कॉलेजात हात वर करायचीस आणि सरांनी उभं केलं की 'काही नाही सर' म्हणून खाली बसायचीस. पण मला तुझा प्रश्न कळला. तुला आईच्या मेडिक्लेमची काळजी लागलीये आणि माझ्या नवऱ्याला, सुहासला, विमा कंपनीने सरळ नाही म्हटलं हे तुझ्या डोक्यात काही केल्या शिरत नाहीये. म्हणून आज सगळं बाजूला सारून लिहायला बसलेय. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी इकडची खबरबात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर यंदाही पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, जायचंच होतं. रिक्षावाल्याने अलीकडेच सोडलं, मग हात धरून हळूहळू गणपतीच्या देवळापर्यंत नेलं. तुझ्या आईने गर्दीतल्या प्रत्येक नववारीकडे निरखून पाहिलं आणि दर खेपेला 'शिवलेली' असा निकाल दिला. एकच मुलगी खरोखर नेसलेली निघाली. तिला थांबवून काकूंनी तिचं नाव, गाव आणि कुणी नेसवलं ते सगळं विचारून घेतलं. ती बिचारी फोटो काढायला निघाली होती, ती काकूंना वाकून नमस्कार करून गेली. तुझी आई ठणठणीत आहे, हे तुला यावरून कळावं. गुडघे सोडले तर.

आता तुझा मुद्दा. तू म्हणालीस, 'आजार आहे म्हणून विमा नाकारतात म्हणजे काय? मग विमा काढायचा तरी कुणी?' अगदी माझ्या मनातलं बोललीस. पण तुला सांगते, तू हे इतक्या सहज बोलू शकलीस कारण तुझ्यावर ती वेळ आली तेव्हा तुला कुणी अडवलं नाही. तुझं ते ऑपरेशन झालं, वर्षभरात तू नोकरी सोडलीस, घरातून स्वतःचं काम सुरू केलंस. नोकरीबरोबर तिथला विमाही गेला. आम्ही इथे हबकलो होतो, आणि तू आरामात सांगितलंस की ऑनलाइन फॉर्म भरला, नवा विमा मिळाला. फॉर्मवर काय विचारलं तर वय, पत्ता, घरात माणसं किती, मिळकत किती. ऑपरेशनचा प्रश्नच नाही! मी त्या रात्री सुहासला म्हटलं, बघ, आजारी माणसाची लाज राखणारा कायदा असाही असतो.

तुमच्या अमेरिकेत देशभर हे १ जानेवारी २०१४ पासून आहे, पण तुझ्या न्यू जर्सीने त्याच्या कितीतरी आधी हे करून पाहिलं होतं, ठाऊक आहे तुला? तू तिकडे गेल्यापासून मला तुमच्या राज्याचं काही दिसलं की वाचत बसायची सवय लागलीये. न्यू जर्सीने १९९२ साली कायदा केला आणि १९९३ पासून तो लागू झाला: वैयक्तिक विमा मागेल त्याला द्यायचा, तब्येतीवरून नकार नाही आणि तब्येतीवरून जास्त पैसेही नाहीत. ऐकायला किती छान. पण विमा घ्यायलाच हवा अशी सक्ती कुणावर नव्हती. मग जे व्हायचं तेच झालं. आपल्या जुन्या भिशीचा विचार कर. आपण नियम केला असता की ज्या महिन्यात आपला नंबर लागेल त्याच महिन्यात येऊन पैसे भरले तरी चालतील, तर बाकीचे महिने हॉलमध्ये कोण बसलं असतं? तुमच्याकडे धडधाकट माणसं बाहेर राहिली, आजारी तेवढी आत आली, हप्ते चढत गेले, आणि हप्ते चढले तसे उरलेसुरले धडधाकटही निघून गेले. १९९५ नंतरच्या सहा वर्षांत तिथल्या विमाधारकांची संख्या निम्म्याहून खाली आली.

म्हणून पुढे ओबामांच्या कायद्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या. कंपनीने नाही म्हणायचं नाही, प्रत्येकाने विमा घ्यायचाच, आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकारने अनुदान द्यायचं. विमा न घेणाऱ्यावरचा केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला, तरी तुझ्या राज्याने स्वतःचा दंड ठेवला आहे. अनुदानाचं तर तू रोजच बघतेयस. २०२१ पासून मिळणारं वाढीव अनुदान २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंतच होतं आणि त्याच भांडणापायी २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून तुमचं केंद्र सरकार ठप्प झालं होतं. १ नोव्हेंबरला नोंदणी सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्याचा आकडा बघून तू खुर्चीत बसलीस म्हणालीस. म्हणजे बघ, विमा मिळण्याची हमी तुझ्याकडे आहे; तो परवडण्याची हमी अजून कुणी दिलेली नाही. इकडे नेमकं उलटं आहे. परवडलं तरी मिळेल की नाही, इथूनच सुरुवात.

आता सुहासचं ऐक. तो नोकरीत होता तोवर विमा ही मागून घ्यायची गोष्ट आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. सगळे एका छत्रीखाली, कुणाला काय झालंय ते कुणी विचारत नसे. सासूबाईंना दम्याचा त्रास होता, तरी त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून यादीत. सुहासला स्टेंट बसला तेव्हा खालच्या काउंटरवर कार्ड दाखवलं आणि डिस्चार्जला सही करून घरी आलो. तुझ्याकडे जे कायद्याने सगळ्यांना मिळतं ते आपल्याकडे असं नोकरीच्या गेटवर मिळतं. गेटच्या आत आहेस तोवर तू माणूस आहेस; गेटबाहेर पडलीस की तुझी शुगर, तुझं बीपी आणि तुझा स्टेंट तुझ्या आधी चालत येतात.

निवृत्ती मार्चअखेर होती. जानेवारीतच मी म्हटलं, आपला वेगळा मेडिक्लेम काढू या. एजंट घरी आला. गोड मुलगा, काकूंच्या हातची करंजी खाऊन खूश. (हो, तुझी आई तेव्हा आमच्याकडेच होती, आणि प्रपोजल फॉर्म या विषयावर तिचंही मत होतंच.) त्या फॉर्मचं एक पान असं होतं की डावीकडे सगळ्या रोगांची नावं आणि उजवीकडे 'हो' आणि 'नाही' असे चौकोन. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंड, मानसिक आजार... वाचता वाचता धडधाकट माणसाला धाप लागावी. सुहास चष्मा लावून एकेका चौकोनात शांतपणे खूण करत होता. एजंट म्हणाला, 'काका, बीपी कशाला लिहिताय? गोळीने कंट्रोलमध्ये आहे ना?' मी त्याला तिथेच थांबवलं. तुला माझा आवाज आठवत असेल, बँकेत कॅश जुळत नसली की लागायचा तो. म्हटलं, बाळा, लपवून घेतलेली पॉलिसी हप्ते भरेपर्यंत आपली असते आणि हॉस्पिटलात गेल्यावर कंपनीची होते. सगळं लिही. स्टेंटची तारीखसुद्धा.

काकू म्हणाल्या, 'माझं पित्ताशय काढलंय तेही लिहू का?' त्यांना कळेचना की फॉर्म त्यांचा नाहीये.

पंधरवड्याने ईमेल आला. तीन ओळी. आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, कळावे. कारण विचारायला फोन केला तर कंपनीची मुलगी पाठ केल्यासारखं एकच वाक्य बोलत राहिली. सुहास काही बोलला नाही. उठून गॅलरीत गेला आणि झाडांना पाणी घातलं, सकाळी एकदा घालून झालं होतं तरी. मला त्या तीन ओळींचा राग आजही येतो. कंपनीची बाजू मला कळत नाही असं नाही, आताच तुला भिशीचं सांगितलं. पण ज्या माणसाने इतकी वर्षं हप्ते भरले, क्लेम केला तो एकदाच, त्याला ऐन साठीत 'तुमची जोखीम आम्हाला नको' म्हणायचं, ही व्यवस्था धड नाही.

तू म्हणशील, तिकडे नियम बदलले ना? बदलले, आणि चांगले बदलले. पूर्वी कंपन्यांना निदान ६५ वर्षांपर्यंत नवी पॉलिसी द्यायची एवढंच बंधन होतं; १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने सगळ्या वयांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं. आधीपासूनच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीनवर आणला. सलग आठ वर्षं पॉलिसी चालू राहिली की कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नसे, त्याची आता पाच वर्षं केली. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. एकदा आत घेतलेल्या माणसाला 'तू क्लेम केलास' म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. कॅशलेसला तासाभरात होकार-नकार कळवायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत बिलाचं बघायचं, असंही मे २०२४ मध्ये बजावलं. २०२५ च्या जानेवारीत सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाला विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. पण या सगळ्यात 'मागेल त्याला द्याच' असं एक वाक्य कुठे सापडत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला विकायला परवानगी आहे, साठीच्या माणसाला नाही म्हणायलाही परवानगी आहे.

आमचं निभावलं ते सुहासच्या ऑफिसातल्या एचआरच्या मुलीमुळे. कल्याणची आहे ती. ती म्हणाली, 'सर, निवृत्तीच्या आत अर्ज करा, ग्रुपवाल्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं.' मायग्रेशन म्हणतात त्याला. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात, म्हणजे आधीच्या आजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागत नाही. त्यातही कंपनी कागद तपासतेच, पण बाहेरून नवा अर्ज करणाऱ्यापेक्षा तुझी बाजू कितीतरी भक्कम असते. झालं एकदाचं. हप्ता ऐकून मी दोनदा विचारलं की हा वर्षाचाच ना. मार्चमध्ये आम्ही जीएसटीसकट भरला, पुढच्या मार्चला तेवढा तरी वाचेल. माझंही नाव त्याच पॉलिसीत आहे. मी हे आता आमच्या बिल्डिंगमध्ये जो भेटेल त्याला सांगते. रिटायर व्हायला सहा महिने उरलेला माणूस दिसला की मी त्याला लिफ्टमध्येच धरते. सुहास म्हणतो, लोक जिन्याने जायला लागलेत.

मग मी विचार करायला लागले की आपल्याकडे न विचारता आत घेणारं दार कुठे कुठे आहे. आणि तुला सांगते, आधी तुझे बाबाच आठवले. वागळे इस्टेटला होते तेव्हाचं ते ई.एस.आय.चं, कामगार विम्याचं कार्ड! पाकिटात घडी घालून ठेवलेलं, कडा काळ्या पडलेल्या. तू त्यांच्यावर चिडायचीस, ठाण्याच्या त्या दवाखान्यात रांगेत काय उभे राहता म्हणून. आता समजून घे. १९४८ साली केलेला कायदा तो. कामगाराच्या पगारातून थोडं जातं, मालक त्याहून जास्त घालतो (आज कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन), आणि कामगाराला दमा आहे की मधुमेह आहे हे कुणीही विचारत नाही. सगळ्यांनी घालायचं आणि ज्याला लागेल त्याने घ्यायचं. न्यू जर्सीला जे १९९३ मध्ये जमलं नाही ते इथे जमलं, कारण धडधाकटांना बाहेर राहायची मुभाच नव्हती. विमा असलेला कामगार निदान पाच वर्षांनी वयोमानाने निवृत्त झाला तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचा इलाज चालू राहतो. एकशे वीस! पगाराची मर्यादा मात्र २०१७ पासून एकवीस हजारांवरच अडकली आहे. पगार त्याच्या वर सरकला की माणूस बाहेर. बाबांचंही पुढे तसंच झालं होतं ना? सुपरवायझर झाले म्हणून पेढे वाटले आणि कार्ड परत केलं.

दुसरं दार रेल्वेचं. कल्याणला निम्मा गाव रेल्वेचा, तुला काय सांगायचं. आपली ती मागच्या बाकावरची, मोटरमनशी लग्न केलेली, तिच्याकडे निवृत्तांचं मेडिकल कार्ड आहे. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलात माहेरी गेल्यासारखी जाते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, 'आम्हाला कुणी फॉर्म भरायला लावत नाही बाई.' तिला सांगावंसं वाटलं की अगं, तू श्रीमंत आहेस.

आणि तिसरं दार, ज्यासाठी हे पत्र. काकूंचं कार्ड काढलं!

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, हे तुला मी मागे सांगितलं होतं. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवलं आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केलं. वय वंदना म्हणतात त्याला. गरीब-श्रीमंत बघत नाहीत, पेन्शन बघत नाहीत. आधारवर सत्तर पूर्ण असली की झालं. वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि घरात सत्तरीचे दोघं असतील तर दोघांत मिळून. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये सप्टेंबरात शिबिर होतं, तिथे मी काकूंना घेऊन गेले. काकू मोतिया रंगाची साडी नेसून, केस चापूनचोपून, पर्समध्ये सगळ्या फायली. लॅपटॉपवाल्या मुलाने आधार बघितलं आणि म्हणाला, 'आजी, जन्म एक जानेवारीचा.' काकू म्हणाल्या, 'छे, नागपंचमीचा. पण तुझं सरकार म्हणतंय तर असू दे.'

मग अंगठा. मशीन घेईना. रेषाच झिजल्यात गं. त्याने बोटं पुसून घेतली, दुसरा अंगठा घेतला, मधलं बोट घेतलं. मशीन आपलं लाल दिवा लावून बसलेलं. काकू स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, 'इतकी वर्षं भांडी घासल्यावर काय राहणार?' मुलगा म्हणाला, ओटीपीने करू. आणि आधारला नंबर कुणाचा? तुझा! तुझं ते इथलं सिम, जे तू बँकेच्या ओटीपीसाठी रोमिंगवर जिवंत ठेवलंयस. इथे सकाळचे अकरा, तुझ्याकडे रात्रीचा दीड. पुढचं तुला अर्धवटच आठवत असेल. तू फोन उचललास आणि 'आईला काय झालं' असं किंचाळलीस. मी म्हटलं, काही नाही, सहा आकडे सांग. तू चष्म्याशिवाय तीनाच्या जागी आठ वाचलास आणि पहिला ओटीपी फुकट गेला. दुसऱ्या वेळी पाठीमागून भाऊजींचा आवाज आला, त्यांनी शांतपणे आकडे सांगितले. रांगेतल्या सगळ्या आजी-आजोबांनी तुझ्या नवऱ्याला टाळ्या वाजवल्या. त्यांना हे सांगितलंयस की नाही?

पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. मुलाने 'झालं' म्हणून लॅपटॉप फिरवला. काकू उठेनात. त्यांनी पर्समधून फायली काढल्या आणि म्हणाल्या, 'अरे, मला बीपी आहे. थायरॉइड आहे. पित्ताशय काढलंय, गुडघे गेलेत, आणि मागे एकदा छातीत दुखलं होतं तेव्हा दोन दिवस ठेवलं होतं. हे कुठे लिहायचं?' तो म्हणाला, 'आजी, कुठेच नाही.' काकूंचा विश्वास बसेना. सुहासचा फॉर्म त्यांनी पाहिला होता ना! 'मग नंतर डॉक्टरांना कळलं तर?' तो हसला. 'कळू दे ना आजी. त्यासाठीच आहे ते. पहिल्या दिवसापासून सगळं धरतात.' तरीही काकूंनी त्याला एकेक रिपोर्ट दाखवला. मागे रांग वाढलेली, आणि त्या पोराने प्रत्येक कागद हातात घेऊन, मान डोलवून, परत दिला. मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं. तुझ्या आईला तिचे आजार लपवावे लागले नाहीत आणि त्यांची शिक्षाही झाली नाही. ते नुसते तिचे आजार राहिले.

आता लगेच निर्धास्त होऊ नकोस, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे; तू आता सगळ्यांना सांगत सुटशील की आईचं सगळं फुकट. तसं नाही. हे कार्ड दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी, हे सगळं आपलं आपणच. दाखल व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस तेवढे धरतात. उपचारांची ठरलेली यादी आहे, आणि मुख्य म्हणजे हॉस्पिटलांची ठरलेली यादी आहे. तुमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरचं, जिथे काकूंना डॉक्टर नावाने ओळखतात, ते यादीत नाही. मी चौकशी केली.

मंगलच्या नवऱ्याचं तुला सांगितलं नसेल. मंगल म्हणजे आमच्याकडे पोळ्यांना येते ती, दिव्याला राहते. पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. घरात केशरी रेशनकार्ड. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना ऐकून होती, पण पहिल्या हॉस्पिटलने 'योजनेच्या खाटा भरल्यात, पैसे भरणार असाल तर आहे' असं सांगितलं. तिने मला फोन केला, मी १५५३८८ ला फोन केला, तिथून दुसरं हॉस्पिटल कळलं. तिथे दारातच योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल होतं. साधं लाकडी टेबल, त्यावर संगणक आणि कागदांना भोकं पाडायचं पंच, आणि मागे एक बारकी मुलगी. तिने रेशनकार्ड आणि आधार घेतलं, दोन सह्या घेतल्या आणि मंगलला म्हणाली, 'मावशी, आता कुणी पैसे मागितले तर मला येऊन सांगायचं.' अँजिओप्लास्टी झाली. एक रुपया नाही. मंगल चौथ्या दिवशी पोळ्यांना हजर, मी ओरडले तिला. पण सांगायचं काय, की कार्ड मिळणं एक आणि खाट मिळणं दुसरं. पहिल्याची हमी सरकारने दिली आहे. दुसऱ्यासाठी अजूनही कुणीतरी फोन करणारं लागतं, आणि ज्याच्यासाठी तसं कुणी नाही त्याचं काय होतं, हे मला रात्री झोपताना छळतं. खाजगी हॉस्पिटलं म्हणतात, सरकारचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात. असेलही. पण मग दर नीट करा, पैसे वेळेत द्या. कळ आलेल्या माणसाला दारातून फिरवणं हे त्याचं उत्तर नाही.

महात्मा फुलेचं आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते तुझ्याही कामाचं आहे. पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी योजना ती हीच. २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ठाणे त्यात नव्हतं. आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. २०१७ मध्ये नाव बदललं. तेव्हा दीड लाखापर्यंत होती आणि बहुतांशी पिवळ्या-केशरी कार्डांपुरती. २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की पांढऱ्या कार्डवाल्यांनाही द्यायची, आणि रक्कम पाच लाख केली. म्हणजे काकू, मी, फडके रोडवरचे सगळे शुभ्र शिधापत्रिकावाले, ज्यांनी ते कार्ड गॅसच्या कनेक्शनला पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवलं आणि नंतर कपाटात टाकून दिलं! सुहासला विमा कंपनीने तीन ओळींत नाही म्हटलं, आणि तोच सुहास त्याच स्टेंटसकट या योजनेत बसतो, काही न विचारता. साठ ते सत्तर ही दहा वर्षं आपल्याकडे सगळ्यात उघडी पडतात. नोकरीचं छत्र गेलेलं असतं आणि सत्तरीचं कार्ड लांब असतं. बाकीच्या राज्यांतल्या मध्यमवर्गाचं काय ते बघावं लागेल, पण इथे निदान हे आहे. आम्ही मेडिक्लेम ठेवणारच, कारण कोपऱ्यावरचं हॉस्पिटल त्यात चालतं. पण पोटात गोळा यायचा तो जरा कमी झालाय.

म्हणून आता काम ऐक. तुमचं पांढरं रेशनकार्ड काकूंच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरमध्ये, तुझ्या लग्नाच्या अल्बमखाली सापडलं. ते अजून ऑनलाइन नाही, बारा आकडी नंबर नाही. आणि त्यावर तुझं नाव अजून तसंच आहे, माहेरच्या आडनावाने, वय एकोणीस! मी शिधावाटप कार्यालयात जाऊन आले. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आजींचं आधार जोडू, बाबांचं आणि मुलीचं नाव कमी करू. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मी दिली. तुझ्यासाठी अर्जावर सही हवी आहे आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत. अर्ज स्कॅन करून पाठवतेय. सही मूळ कागदावरच हवी, तेव्हा जानेवारीत येताना आणच. आणि या खेपेला काकूंच्या आधारवरचा नंबर बदलून माझा घालू या, म्हणजे रात्री दीडला तुझी झोप मोडणार नाही. भाऊजींची हरकत असेल तर तसं कळव.

काकू विचारतायत, तू काळा मसाला नेणार की गोडा. दोन्ही म्हणू नकोस, मागच्या वेळी बॅगेचं वजन जास्त झालं आणि विमानतळावर तू लोणच्याची बरणी माझ्या हातात देऊन पळालीस. आंब्याचं होतं, चांगलं मुरलं होतं, आम्ही संपवलं.

तुझीच